अमेरिकेतील ग्रामीण काउंटीतून घटस्फोटाची प्रमाणित प्रत: ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर वारंवार येत असेल तर

अमेरिकेत पंधरा-वीस वर्षांपूर्वी झालेल्या घटस्फोटाचा कागद आज एकाएकी लागतो आणि तो काही केल्या हाती येत नाही, ही अडचण आपल्या अनेक कुटुंबांपुढे पुन्हापुन्हा उभी राहते. कुणाला पुण्यात किंवा नागपुरात पुनर्विवाहाची नोंदणी करायची असते, कुणाला भारतीय पासपोर्टवरून आधीच्या जोडीदाराचे नाव काढायचे असते, कुणाला ग्रीन कार्डच्या अर्जासोबत आधीचा विवाह कायदेशीररीत्या संपल्याचा पुरावा जोडायचा असतो. किमान १० वर्षे टिकलेल्या विवाहानंतर घटस्फोट झाला असेल, तर माजी जोडीदाराच्या खात्यावर सोशल सिक्युरिटीचा लाभ मागता येतो, आणि त्यासाठीही हाच कागद पुढे करावा लागतो. उतारवयातील कित्येक स्त्रियांचा महिन्याचा खर्च त्यावर अवलंबून असतो. अर्ज जातो, काही आठवड्यांनी ‘नोंद सापडली नाही’ असे दोन ओळींचे उत्तर येते, मग तोच अर्ज पुन्हा धाडला जातो आणि तेच उत्तर पुन्हा येते.

या उत्तराचा अर्थ नोंदच अस्तित्वात नाही असा क्वचितच असतो. बहुतेक वेळा विचारणा भलत्या कार्यालयाकडे झालेली असते, भलत्या नावाने झालेली असते, किंवा त्या कार्यालयात कधी नसलेलाच कागद मागितलेला असतो. त्यामुळे आधी आलेले उत्तर शब्दशः वाचावे, ते कोणत्या कार्यालयाने, कोणती वर्षे आणि कोणती नावे शोधून दिले आहे हे पाहावे, आणि दोष नेमका कुठे आहे ते कळल्यावरच दुसरा अर्ज लिहावा. उत्तरात यांपैकी काहीच नमूद नसेल, तर फोन करून तेवढेच विचारावे: आपण कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत पाहिले, आणि दोघांचीही नावे पाहिली का? या दोन प्रश्नांवर पुढची अर्धी वाट मोकळी होते.

मुळात अमेरिकेत घटस्फोटांची देशपातळीवरची एकत्र नोंदवही नाही. घटस्फोट हा राज्याच्या कायद्याचा विषय आहे, खटला चालतो तो काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पातळीवरच्या कोर्टात आणि मूळ दप्तर राहते ते त्याच कोर्टाच्या क्लर्ककडे, म्हणजे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. देशभरात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. एकट्या टेक्सासमध्ये २५४, जॉर्जियात १५९. ‘पेसर’ ही ऑनलाइन व्यवस्था फक्त संघीय न्यायालयांची असल्याने तिथे घटस्फोटाचा खटला शोधून काही मिळत नाही, आणि संघीय माहिती अधिकाराचा कायदा राज्यांच्या कोर्टांना लागू होत नाही. ‘क्षणात घटस्फोटाची नोंद’ असे आश्वासन देऊन पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे फार तर सूचीतील एखादी ओळ दाखवतात. शिक्क्याची प्रत ती देऊ शकत नाहीत, कारण ती देण्याचा अधिकार ज्याच्या ताब्यात मूळ कागद आहे त्याच क्लर्कला असतो.

आता ग्रामीण काउंटीशी आपल्या लोकांचा संबंध कसा, असे कुणी विचारील. जे-१ व्हिसावर वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट हवी असेल, तर ‘कॉनरॅड ३०’ या योजनेखाली डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा द्यावी लागते, आणि असे भाग बहुधा शहरांपासून लांब असतात. याखेरीज छोट्या विद्यापीठांची गावे आहेत, कारखान्यांची गावे आहेत. तिथे संसार मोडला, खटला तिथेच दाखल झाला, नंतर दोघेही न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला किंवा थेट मुंबईला निघून गेले, आणि दप्तर मात्र त्या गावात राहिले. तिथल्या कार्यालयात दोन-तीन माणसे सगळी कामे सांभाळतात. ज्यूरीचा खटला सुरू असेल त्या दिवशी फोन उचलायला कुणी नसते, जुन्या फायली ऑनलाइन नसतात आणि कित्येक ठिकाणी दुपारी जेवणाच्या वेळेत खिडकी बंद होते. तरीही माझे मत असे आहे की नीट लिहिलेल्या अर्जाला लहान कार्यालयाकडून मोठ्या शहरापेक्षा चांगला प्रतिसाद मिळतो, कारण आपला कागद ज्या माणसाच्या हाती पडतो, तोच माणूस तळघरात जाऊन फाईल काढणारा असतो.

काउंटीच चुकली असेल तर

विवाह जिथे झाला त्या ठिकाणी घटस्फोटाची नोंद शोधणे ही सर्वांत मोठी चूक होय. पती-पत्नी ज्या घरात राहत होते ती काउंटी धरून चालणेही नेहमी बरोबर ठरत नाही. खटला दाखल करणाऱ्या व्यक्तीचे त्या वेळचे वास्तव्य बहुधा निर्णायक असते. टेक्सासमध्ये दोघांपैकी एकाचे राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत ९० दिवस वास्तव्य असावे लागते. नेवाडात राज्यातील सहा आठवडे पुरतात. म्हणजे वेगळे झाल्यावर पती नव्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला आणि तीन महिन्यांनी त्याने अर्ज दाखल केला, तर फाईल त्या नव्या काउंटीत असते, जिथे पत्नीने कदाचित पाऊलही ठेवलेले नसते. अशा वेळी स्मरणशक्तीवर विसंबू नये. त्या काळातील वकिलाचे पत्र, समन्सचा कागद, मुलांच्या ताब्याचा किंवा पोटगीचा एखादा आदेश, घर विकतानाचे कागद, यांपैकी कशाच्याही मथळ्यावर कोर्टाचे नाव आणि खटला क्रमांक छापलेला असतो. तो एक क्रमांक सापडला, तर पुढची निम्मी कटकट संपते.

पत्त्यावरून काउंटी ठरवतानाही सावध राहावे लागते. टपालाचा पाच अंकी झिप कोड काउंटीची सीमा पाळत नाही, आणि गावाचे नाव एका काउंटीतील टपाल कार्यालयाचे, तर घर शेजारच्या काउंटीत, असे ग्रामीण भागात सर्रास आढळते. व्हर्जिनियात ३८ शहरे कोणत्याच काउंटीत मोडत नाहीत. शेजारच्या काउंटीचे नाव घेऊन विचारणा केली तर शहराची नोंद हाती लागेलच असे नाही. लुइझियानात काउंटीच्या जागी ‘पॅरिश’ असते. क्वचित काउंटीच नवी झालेली असते: ॲरिझोनातील ला पाझ काउंटी १९८३ मध्ये युमा काउंटीतून वेगळी झाली, म्हणून त्या परिसरातील त्याआधीच्या खटल्याचा शोध युमाकडे घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रामीण भागात एकच न्यायाधीश तीन-चार काउंट्यांत आळीपाळीने बसतो. त्यामुळे सुनावणी एका गावी झाल्याचे आठवत असले, तरी खटला ज्या काउंटीत दाखल झाला तिथेच फाईल राहते.

काउंटी बरोबर आहे, पण दार चुकले आहे

एकाच इमारतीत दोन-तीन क्लर्क असतात आणि त्यांची दप्तरे वेगळी असतात, हे आपल्या लोकांना ठाऊक नसते. टेक्सासमध्ये विवाहाचा परवाना काउंटी क्लर्ककडे मिळतो आणि घटस्फोटाची फाईल डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे असते. विवाहाचा दाखला जिथून आला त्याच पत्त्यावर घटस्फोटासाठी अर्ज पाठवला, तर काउंटी क्लर्क आपल्या सूचीत पाहतो आणि प्रामाणिकपणे ‘नोंद नाही’ असे कळवतो. ती नोंद जिन्याच्या पलीकडच्या खोलीत आहे हे तो सांगेलच असे नाही. आठ हजारांपेक्षा कमी वस्तीच्या छोट्या काउंट्यांत ही दोन्ही पदे साधारणतः एकाच व्यक्तीकडे असतात, तिथे हा घोळ होत नाही. जॉर्जियात विवाहाची नोंद प्रोबेट कोर्टात, तर घटस्फोटाची सुपीरियर कोर्टाच्या क्लर्ककडे असते. मिझुरीत विवाह ‘रेकॉर्डर ऑफ डीड्स’कडे आणि घटस्फोट सर्किट क्लर्ककडे. पेनसिल्व्हेनियात घटस्फोटाची फाईल ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला ‘प्रोथोनोटरी’ म्हणतात. टेनेसीत घटस्फोटाचा खटला सर्किट कोर्टात किंवा चॅन्सरी कोर्टात, दोन्हीकडे चालू शकतो. म्हणून तिथे एका कोर्टाचे ‘नाही’ आले, तर त्याच काउंटीतील दुसऱ्या कोर्टाला विचारल्याखेरीज शोध संपला असे मानू नये. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट देणाऱ्या प्राथमिक कोर्टाचे नावच ‘सुप्रीम कोर्ट’ आहे. त्या नावाने गोंधळून कित्येक जण राज्याच्या राजधानीला पत्र लिहितात, पण फाईल त्या त्या काउंटी क्लर्ककडेच असते.

मागितलेला कागद आणि हवा असलेला कागद

घटस्फोटाशी संबंधित तीन वेगळे कागद आहेत आणि अर्जात त्यांपैकी नेमका कोणता हवा आहे ते स्पष्ट लिहिले नाही, तर महिनोन्‌महिने वाया जातात. पहिला म्हणजे डिक्री, ज्याला आपण हुकूमनामा म्हणतो: न्यायाधीशाच्या सहीचा, मालमत्ता, पोटगी आणि मुलांच्या ताब्याच्या अटींसह असलेला निकाल. दुसरा म्हणजे राज्याच्या आरोग्य खात्याकडून मिळणारे घटस्फोटाचे प्रमाणपत्र, ज्यात दोघांची नावे, तारीख आणि काउंटी एवढेच असते. तिसरा म्हणजे पडताळणीचे पत्र, ज्यात अमुक नावांची नोंद आमच्या सूचीत आहे इतकेच म्हटलेले असते.

राज्याचे खाते बहुतेक वेळा डिक्री देऊच शकत नाही. टेक्सासचे खाते १९६८ पासूनच्या घटस्फोटांसाठी केवळ पडताळणीचे पत्र देते. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळाच्या नोंदी आहेत, आणि त्यानंतरचे सगळे संबंधित काउंटीच्या सुपीरियर कोर्टात. न्यूयॉर्कचे आरोग्य खाते १ जानेवारी १९६३ पासूनचे प्रमाणपत्र देते. फ्लोरिडाच्या राज्य कार्यालयात जून १९२७ पासूनच्या, तर मिशिगनमध्ये थेट १८९७ पासूनच्या नोंदी आहेत. मिनेसोटाचे आरोग्य खाते मात्र घटस्फोटाचा दाखला देतच नाही. तिथे कोर्ट हाच एक मार्ग.

याचा एक उपयोग मात्र करून घेता येतो. काउंटी अजिबात आठवत नसेल, तर ज्या राज्यात सूची आहे तिथे राज्याकडून आधी पडताळणीचे पत्र मागवावे. त्यात काउंटीचे नाव आणि तारीख मिळते, आणि ती हाती घेऊन क्लर्ककडे डिक्रीचा अर्ज करावा. उलट क्रमाने, म्हणजे अंदाजाने एकेका काउंटीला पत्रे लिहीत सुटणे, हा वेळेचा आणि शोध शुल्काचा अपव्यय आहे. भारतात वापरायचा कागद असेल तर पडताळणीच्या पत्रावर थांबू नये. इथल्या कार्यालयांना आणि न्यायालयांना निकालच पाहायचा असतो.

प्रत येऊनही ती निरुपयोगी ठरण्याचा आणखी एक प्रकार आहे. काही राज्यांत निकाल दिल्या दिवशी घटस्फोट पूर्ण होत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये आधी ‘नायसाय’ निकाल लागतो आणि तो ९० दिवसांनी कायम होतो. अशा ठिकाणी प्रतीवर अंतिम तारीख नोंदलेली आहे की नाही हे पाहूनच ती स्वीकारावी. खटला दाखल झाला पण पुढे मागे घेतला गेला, असेही घडलेले असते. तेव्हा फाईल असते पण डिक्री कधीच निघालेली नसते, आणि ही गोष्ट त्या व्यक्तीला इतक्या वर्षांनी प्रथमच कळते. तसे उत्तर आले तर दुसऱ्या विवाहाच्या कोणत्याही हालचालीआधी वकिलाला भेटणे अत्यावश्यक आहे.

आपली नावे त्यांच्या सूचीत

मराठी नावांच्या बाबतीत हा दोष मला सर्वांत जास्त दिसतो. कोर्टाची सूची आडनावावर चालते आणि जुन्या ठिकाणी दाखल करणाऱ्याची सूची वेगळी, प्रतिवादीची वेगळी असते. एखाद्या बाईंचे माहेरचे आडनाव पासपोर्टवर, सासरचे ड्रायव्हिंग लायसन्सवर, आणि मधले नाव एका कागदावर वडिलांचे तर दुसऱ्यावर पतीचे असेल, तर खटल्यात कोणते लिहिले गेले हे सांगता येत नाही. दीक्षित हे आडनाव कुणी एक्स घालून लिहितो, कुणी के, एस, एच घालून. जोशीच्या शेवटी एकदा आय आणि एकदा दोन ई. ज्यांच्या जुन्या पासपोर्टवर संपूर्ण नाव एकाच रकान्यात छापले गेले आणि आडनावाचा रकाना रिकामा राहिला, त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’) ही अक्षरे आलेली असतात. ती अक्षरे पुढे लायसन्सवर, तिथून वकिलाच्या फायलीत आणि शेवटी कोर्टाच्या सूचीत जशीच्या तशी उतरू शकतात. वकिलाच्या कारकुनाने नाव आणि आडनाव यांची अदलाबदल केली असेल, तर सूचीत तो खटला ‘सुनीता’ या आडनावाखाली असतो आणि कुलकर्णी शोधणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

म्हणून अर्जात दोघांचीही पूर्ण नावे, त्यांची सर्व संभाव्य स्पेलिंगे, माहेरची आणि सासरची आडनावे, आणि नाव-आडनाव उलटे झाले असण्याची शक्यता असल्यास ती जोडीही ठळक लिहावी. दोन्ही पक्षांच्या बाजूने सूची पाहावी अशी विनंती स्पष्ट शब्दांत करावी. वर्षही एकच देऊ नये. खटला दाखल झाल्याचे साल आणि निकालाचे साल वेगळे असते आणि खटला क्रमांकात बहुधा दाखल झाल्याचे साल असते. निकाल २००६ चा आठवत असेल, तर २००४ ते २००८ असा पट्टा द्यावा. जादा वर्षांच्या शोधासाठी थोडे अधिक शुल्क लागू शकते, पण दुसरा अर्ज करण्यापेक्षा ते स्वस्त पडते. काही राज्यांची कोर्टे खटल्यांची सूची ऑनलाइन पाहू देतात, उदाहरणार्थ मिझुरी, आयोवा आणि विस्कॉन्सिन. तिथे अर्ज लिहिण्याआधीच वेगवेगळी स्पेलिंगे घालून पाहता येतात आणि खटला क्रमांक हाती येऊ शकतो, मग तो खटला कितीही छोट्या काउंटीतला असो. जुन्या खटल्यांचा तपशील तिथे नसला तरी निराश होऊ नये, कारण ऑनलाइन नसणे आणि दप्तरात नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

‘देता येत नाही’ असे उत्तर आले तर

बहुतेक राज्यांत घटस्फोटाची डिक्री सार्वजनिक दस्तऐवज असते आणि शुल्क भरून भाऊ, मुलगी किंवा मित्रही ती मागू शकतात. न्यूयॉर्क हा मोठा अपवाद आहे: तिथे ही दप्तरे १०० वर्षे गोपनीय राहतात आणि पती, पत्नी किंवा त्यांचे वकील यांनाच ती पाहता येतात. दुसऱ्या कुणाला पाठवायचे असेल तर नोटरीसमोर सही केलेले अधिकारपत्र लागते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने ते मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन करावे हे उत्तम, कारण तिथली नोटरी सेवा अमेरिकी कार्यालये बिनतक्रार मान्य करतात. व्हर्जिनियाच्या राज्य कार्यालयातील नोंदी २५ वर्षे सर्वांसाठी खुल्या नसतात. एखाद्या न्यायाधीशाने मुलांच्या कारणास्तव फाईल सीलबंद केली असेल, तर क्लर्कच्या हाती काही नसते. त्याच कोर्टात रीतसर अर्ज करून आदेश मिळवावा लागतो.

‘फाईल इथे नाही’ हे उत्तर वेगळे आहे. जुनी दप्तरे मायक्रोफिल्मवर गेलेली, दुसऱ्या इमारतीत हलवलेली किंवा राज्याच्या अभिलेखागाराकडे सुपूर्द केलेली असू शकतात. कुठे हलवली, आणि रीळ किंवा खोक्याचा क्रमांक काय, हे क्लर्ककडूनच विचारून घ्यावे. कोर्टहाउसला आग लागून दप्तर जळाल्याच्या घटना अमेरिकेच्या ग्रामीण भागात अनेक आहेत. तसे झाले असेल तर राज्याची सूची, तेव्हाच्या वकिलाची फाईल आणि माजी जोडीदाराकडील प्रत, हे मार्ग उरतात. खरोखरच काही सापडले नाही, तर कोणती वर्षे आणि कोणती नावे शोधली याचा उल्लेख असलेले, शिक्क्यानिशी ‘शोध घेतला, नोंद नाही’ असे पत्र मागावे. तो कागदही पुढे उपयोगी पडतो.

अर्ज, पैसे आणि परतीचे पाकीट

ग्रामीण कार्यालयात अर्ज पडून राहण्याचे कारण कित्येकदा अगदी साधे असते: शुल्क कमी पडले, किंवा परतीच्या पाकिटावर टपाल तिकीट नव्हते. प्रत्येक पानाचे शुल्क, प्रमाणित करण्याचे शुल्क आणि शोध शुल्क वेगवेगळे असते आणि डिक्री किती पानांची आहे हे आपल्याला माहीत नसते. म्हणून आधी फोन करून एकूण रक्कम विचारावी. टेक्साससारख्या, अमेरिकेची ‘सेंट्रल टाइम’ ही वेळ पाळणाऱ्या राज्यांत सकाळचे ९ वाजतात तेव्हा भारतात हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेसात झालेले असतात, त्यामुळे हा फोन भारतातूनही सोयीने करता येतो. रक्कम कळत नसेल तर अमेरिकेतील नातेवाइकाच्या चेकवर ‘अमुक डॉलरपेक्षा अधिक नाही’ असे लिहून आकडा मोकळा ठेवण्याची पद्धत काही कार्यालये चालवून घेतात. चालते का ते मात्र विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी वैयक्तिक चेक चालतच नाही आणि मनीऑर्डर लागते. भारतीय बँकेचा धनादेश कुठेच पाठवू नये.

परतीच्या पाकिटावर भारतीय तिकीट लावून उपयोग नाही. अमेरिकेतील एखाद्या नातेवाइकाचा पत्ता देणे, किंवा पैसे आधीच भरलेले कुरियरचे लेबल जोडणे, हेच खात्रीचे. अर्जात ‘प्रमाणित प्रत’ हे शब्द वेगळ्या ओळीत लिहावेत, खाली फोन व ईमेल द्यावा आणि कागद परदेशात वापरायचा असून त्यावर अपोस्टिल (एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा यासाठीचे प्रमाणन) घ्यायचे आहे हे एका वाक्यात सांगावे. या एका वाक्यामुळे क्लर्क रबरी शिक्क्यावर न थांबता स्वतःची शाईची सही आणि उठावाचा शिक्का देतो, आणि पुढची एक फेरी वाचते.

प्रत भारतात चालावी यासाठी

भारतात अपोस्टिल करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. काउंटीच्या प्रतीवर अपोस्टिल देण्याचे काम वॉशिंग्टनमधील परराष्ट्र खात्याचे नसून ज्या राज्यातील कोर्ट आहे त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाचे असते. जॉर्जियाच्या डिक्रीवर टेक्सासचे अपोस्टिल मिळत नाही. प्रत हाती आल्यावर तिची स्टेपल पिन काढू नये. झेरॉक्स काढण्यासाठी पाने सुटी केली, की पिनेची दुहेरी भोके पाहून अपोस्टिल देणारा अधिकारी ती प्रत परत पाठवू शकतो, कारण मधले पान बदललेले नाही याची खात्री त्याला उरत नाही. म्हणून पहिल्याच अर्जात दोन प्रमाणित प्रती मागवाव्यात, एक अपोस्टिलसाठी आणि एक घरात जपून ठेवण्यासाठी.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढची आहे, आणि ती फार कमी जणांना वेळेवर कळते. भारतात, विशेषतः हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या विवाहाच्या बाबतीत, परदेशी घटस्फोट आपोआप मान्य होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये परदेशी निकाल कधी बंधनकारक नसतो याचे सहा अपवाद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै १९९१ रोजी मिझुरीतील सेंट लुइस काउंटीच्या सर्किट कोर्टाने दिलेल्या घटस्फोटाचा विचार करताना या अपवादांचा अर्थ विवाहाच्या प्रकरणांपुरता स्पष्ट केला. दुसऱ्या पक्षाने त्या कोर्टाचा अधिकार स्वेच्छेने आणि खऱ्या अर्थाने मान्य करून बाजू मांडली होती का, किंवा घटस्फोटाला संमती दिली होती का, आणि घटस्फोटाचे कारण ज्या कायद्याखाली विवाह झाला त्यात उपलब्ध आहे का, यावर मान्यता अवलंबून राहते. त्या प्रकरणात डिक्रीच्या छायाप्रतीवर तिथल्या उपक्लर्कचे प्रमाणन होते, पण पुरावा कायद्याच्या तेव्हाच्या कलम ८६ प्रमाणे भारत सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीचे प्रमाणन नव्हते, म्हणून ती प्रत पुरावा म्हणून ग्राह्य धरली गेली नाही. तेव्हा भारत अपोस्टिल करारात नव्हता. आज हा कायदा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने बदलला आहे. पासपोर्ट किंवा विवाह नोंदणीसाठी अपोस्टिलची प्रत पुढे करता येते, पण प्रकरण कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर कोणते प्रमाणन लागेल हे भारतातील वकिलाला विचारूनच क्लर्ककडे मागणी करावी.

या निकालाचा थेट परिणाम आपल्या अर्जावर होतो. नुसती डिक्री मागवली, तर दुसरा पक्ष हजर होता की एकतर्फी निकाल लागला, हे तिच्यावरून पुरेसे कळेलच असे नाही. म्हणून त्याच अर्जात मूळ याचिका, समन्स बजावल्याचा दाखला किंवा ते स्वीकारल्याची सही असलेला कागद, प्रतिवादीचे उत्तर किंवा हजेरीची नोंद, दोघांत लेखी तडजोड झाली असल्यास ती, आणि खटल्याची तारीखवार नोंदपत्रिका यांच्याही प्रमाणित प्रती मागाव्यात. अनेक ठिकाणी डिक्री कायम जपली जाते, परंतु फायलीतील बाकीचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची नियमावली असते, आणि ज्या बाईला आपण हजर होतो व संमती दिली होती हे सिद्ध करायचे आहे, किंवा ज्या बाईला समन्स कधी मिळालेच नव्हते हे दाखवायचे आहे, तिच्यासाठी नेमके तेच कागद सर्वस्व असतात. मुदत संपली आहे का हे क्लर्कला फोनवर विचारता येते. संपत आली असेल तर डिक्रीची तातडी नसली तरी हे कागद आजच मागवावेत.